कुटुंबसेवेचा अक्षयनिधी

नाशिकजवळची पांडवलेणी पाहायला जाणारे लोक पुष्कळ. परंतु तेथील भिंतीवर कोरलेले लेख समजून घेणारे थोडे. त्यांतील एका लेखात पैशाच्या एका व्यवहाराची हकीकत आहे. क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने सुमारे १,९०० वर्षांपूर्वी तेथील भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण दिले. ते त्याने संघाच्या हाती ठेवले नाहीत. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. पैकी २,००० दरमहा शेकडा एक या दराने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट होती. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० होते. त्यातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावयाचे. हा व्यवहार नगरसभेत जाहीर करून नोंदविलाही गेला. अशा ठेवीला त्या लेखात 'अखयनिवि', म्हणजे कधी न संपणारे मुद्दल, असे नाव आहे.

प्रस्तुत विषय ख्रिस्ती मंडळीच्या कुटुंबसेवेला कायम निधी आणि मृत्युपत्राने दिलेली देणगी यांचा आधार कसा मिळू शकतो, हा आहे. त्याच्या आरंभी लेण्यातला लेख आणला तो एवढ्याचसाठी की, ही कल्पना या भूमीला परकी नाही. देवापुढचा नंदादीप असो की अन्नछत्र असो, वर्षानुवर्षे चालावयाच्या कामाला वर्षानुवर्षे येणारे उत्पन्न लागते, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते.

कुटुंबसेवा म्हणजे काय, हे प्रथम पाहू. देवळाची इमारत डोळ्यांना दिसते, तिच्यासाठी वर्गणी गोळा होते, दात्याच्या नावाची पाटीही लागते. कुटुंबसेवा अशी दिसत नाही. लग्न ठरलेल्या मुलामुलींना संसाराची पूर्वकल्पना देणे, पतिपत्नींत बेबनाव झाला असता दोघांचे ऐकून घेणे, दारूने पोखरलेल्या घरात पुन्हा पुन्हा जाणे, एकाकी म्हाताऱ्यांची विचारपूस करणे, विधवेच्या मुलांची फी भरणे, ही ती सेवा. हे काम करण्यास शिकलेली माणसे लागतात, आणि त्यांना दरमहा पगार लागतो. घरातले भांडण काही मंडळीच्या जमाखर्चाकडे पाहून उद्भवत नाही. तेव्हा हे काम यंदा केले, पुढच्या वर्षी सोडले, असे चालत नाही.

महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या बाबतीत या प्रश्नाला इतिहासाची एक बाजू आहे. १८१३ साली अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी मुंबईस उतरले. त्यानंतर कितीतरी दशके शाळा, दवाखाने, वसतिगृहे यांना परदेशातील देणगीदारांचा मोठा आधार होता. पुढे सत्ता व जबाबदारी येथील मंडळ्यांकडे आली. १९७० साली नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. जबाबदारी आली खरी, पण पूर्वीचा ओघ तसाच राहिला नाही. रविवारच्या दानातून पाळकाचा पगार आणि वीजबिल भागते; कुटुंबसेवेला मात्र 'उरले तर' ही अट लागते. कायम निधीची गरज येथे उत्पन्न होते.

कायम निधीचे गणित सोपे दिसते, पण त्यात एक खाच आहे. समजा, दहा लाख रुपये शेकडा सात दराने ठेवले. वर्षाला सत्तर हजार आले आणि ते सर्व खर्चिले. मुद्दल आकड्याने जसेच्या तसे राहिले. मोलाने राहिले काय? भाव वर्षाला शेकडा पाच या गतीने चढत गेले तर सुमारे चौदा वर्षांत रुपयाची किंमत निम्मी होते. म्हणजे ज्या निधीला आपण अक्षय म्हणतो, तो कोणी हात न लावताही झिजत असतो. यावर उपाय एकच: उत्पन्नातील काही भाग दर वर्षी मुद्दलात घालावा आणि उरलेलाच खर्चावा. हा नियम निधी स्थापन करतानाच लिहून ठेवावा. कारण गरज दारात उभी असताना असा नियम कोणालाच आठवत नाही.

आता मृत्युपत्राकडे वळू. येथे कायद्याची एक हकीकत सांगितली पाहिजे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात ११८ वे कलम होते. ज्याला पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग आहे, त्याला धर्मादाय कामासाठी मिळकत ठेवावयाची असेल तर मृत्युपत्र मृत्यूच्या निदान बारा महिने आधी केलेले असले पाहिजे, आणि केल्यापासून सहा महिन्यांत सरकारी ठिकाणी जमा केलेले असले पाहिजे. नाही तर ते दान निष्फळ. हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख, जैन यांना हे कलम लागू नव्हते; १९९१ पासून पारशांनाही त्यातून वगळले. त्याचा भार मुख्यतः ख्रिस्ती माणसावर राहिला.

या कलमाचे मूळ इंग्लंडातील १७३६ च्या कायद्यात होते. मरणाच्या भीतीने माणसाने सर्वस्व धर्मसंस्थेला देऊन टाकावे आणि मुलेबाळे उघड्यावर पडावीत, असे होऊ नये, हा त्यामागचा हेतू. इंग्लंडने आपले हे निर्बंध १९६० साली काढून टाकले. आपल्याकडे ते राहिले. शेवटी केरळातील धर्मगुरू जॉन वल्लमट्टम यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै २००३ रोजी हे कलम समतेच्या तत्त्वाविरुद्ध म्हणून रद्द केले.

निकाल योग्यच झाला, असे आम्हांस वाटते. एकाच देशातील दोन नागरिकांपैकी एकाच्या दानावर कुलूप आणि दुसऱ्याच्या दानाला मोकळे दार, हे न्यायाचे नव्हे. परंतु कलम गेले म्हणून त्यामागची भीती खोटी ठरली काय? आजारी वडिलांच्या उशाशी कोणी कागद घेऊन बसला, आणि मुलांना त्याची वार्ता दहनदफनानंतर लागली, तर त्या घरात काय होते हे सांगावयास नको. भावंडे एकमेकांशी बोलेनाशी होतात, देवळात येणे सोडतात. ज्या निधीने घरे सांधावयाची, त्यानेच एक घर मोडले, असे होते. कायद्याने जी राखण सोडली, ती आता दात्याच्या विवेकाने आणि मंडळीच्या सभ्यतेने करावयाची आहे.

म्हणून काही गोष्टी आम्ही सुचवतो. मृत्युपत्र धडधाकट असताना करावे आणि पत्नी व मुले यांना ते आधी सांगावे. आश्रितांची तरतूद पहिली, दान नंतरचे. कायद्याप्रमाणे निदान दोन साक्षीदार लागतात. ज्याला मृत्युपत्राने काही मिळावयाचे आहे तो किंवा त्याची पत्नी साक्षीदार असेल तर ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत ती देणगी रद्द होते. पाळकाने व निधीच्या विश्वस्तांनी साक्षीला न राहणेच शोभते. आणखी एक बाब पुष्कळांना ठाऊक नसते: ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्रानंतर लग्न केले तर सामान्यतः पूर्वीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. पुनर्विवाह करणाऱ्या विधुराने वा विधवेने ते नव्याने केले पाहिजे. दानाचा हेतू लिहिताना तो फार आवळू नये. 'अमुक वसतिगृहासाठी' असे लिहिले आणि वसतिगृहच बंद पडले तर पैसा अडकतो. 'मंडळीतील कुटुंबांच्या सेवेसाठी' असे लिहिले तर तो काळाबरोबर चालतो.

मंडळीकडेही कर्तव्य येतेच. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला दर वर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून जमीन वा इमारत विकता येत नाही. एवढे कायदा पाहतो. पण यंदा किती व्याज आले, किती मुद्दलात गेले, किती घरांपर्यंत पोहोचले, हे दर वर्षी रविवारच्या सभेत उभे राहून सांगणे, कोणाच्या घरचे गाऱ्हाणे मात्र न उघडणे, हे कायद्याच्या पलीकडचे काम आहे. असे ऐकलेल्या माणसाला मृत्युपत्र कर म्हणून वेगळे सांगावे लागत नाही.

उषवदाताच्या त्या श्रेणी आज नाहीत आणि त्याच्या कार्षापणांचे व्याजही आज कोणाला मिळत नाही. मुद्दल आपोआप अक्षय राहत नाही. ते सांभाळणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या मिळाली तरच राहते. आणि अशी माणसे सलोख्याच्या घरांतच तयार होतात. तेव्हा कुटुंबसेवेसाठी ठेव ठेवणाऱ्याने तिचा पहिला हप्ता आपल्या घरीच भरावा: मुलांना जवळ बसवावे, आपल्या मनातील हेतू सांगावा आणि त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे.