न आलेला आजार : पाळीव कुत्र्याच्या आरोग्याविषयी थोडा विचार



आजचा विषय वाचून एका श्रोत्यांनी विचारलं की, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं कुत्र्याच्या आजारांत काय काम? प्रश्न रास्त आहे. मी पशुवैद्य नाही. औषधांची नावं आणि मात्रा मी सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. कुत्र्यावर जीव टाकणारी माणसंसुद्धा लसीची तारीख चुकवतात, जंताचं औषध विसरतात. प्रेम कमी असतं म्हणून नव्हे. मग असं का होतं?

याचं उत्तर मला वैशेषिक दर्शनात सापडतं. या दर्शनात मुळात सहा पदार्थ मानलेले आहेत. पुढच्या आचार्यांनी त्यात सातवा मिळवला, अभाव. म्हणजे ‘नसणं’ हीसुद्धा जगातली एक खरी गोष्ट आहे. त्याचे चार प्रकार आहेत, आपल्याला आज दोन पुरेत. घडा घडवण्याआधी मातीत घडा नसतो, तो प्रागभाव. घडा फुटल्यावर तो नसतो, तो प्रध्वंसाभाव.

आता हे आजाराला लावून बघा. आजार आला आणि औषधानं गेला, हा प्रध्वंसाभाव. तो डोळ्यांना दिसतो. सलाइन दिसतं, बिल दिसतं, चौथ्या दिवशी शेपूट हलवणारा कुत्रा दिसतो. आजार आलाच नाही, हा प्रागभाव. तो दिसत नाही. लस दिली आणि पुढे काय झालं? काहीच झालं नाही. हे ‘काहीच झालं नाही’ हेच त्या लसीचं फळ आहे. पण आपलं मन म्हणतं, काही झालंच नाही, तर यंदा खर्च कशाला?

आणि नैयायिक आणखी एक गोष्ट सांगतात. प्रागभावाला सुरुवात नसते, पण शेवट असतो, आणि एकदा संपलेला प्रागभाव परत येत नाही. हे वाक्य वर्गात शिकवताना कोरडं वाटायचं. रेबीजच्या बाबतीत ते कोरडं राहत नाही.

रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेवरून मज्जातंतूंच्या वाटेनं हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. तो मेंदूत पोहोचून लक्षणं दिसू लागली की कुत्रा काय आणि माणूस काय, वाचणं जवळपास अशक्य. म्हणजे इथे प्रध्वंसाभाव आपल्या हातात नाहीच, जे करायचं ते आधी. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस द्यायला सुरुवात केली, तीही चावा बसल्यानंतर पण लक्षणं येण्याआधी. तो मुलगा वाचला. आजही त्याच फटीतून माणसं वाचतात.

म्हणून पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी. कुणी म्हणतं, ‘आमचा तर सोफ्यावरून उतरत नाही.’ अहो, दार उघडं राहायला एक क्षण पुरतो. आणि ही लस फक्त कुत्र्यासाठी नसते. माणसाला होणाऱ्या रेबीजच्या बहुतेक सगळ्या घटनांमागे कुत्र्याचा चावा असतो. आपल्या कुत्र्याला दिलेली लस शेजारच्या नातवाचंही रक्षण करते.

तरीही कुणाला कुत्रा चावला, तर जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. कुत्रा घरचा होता, लस दिलेला होता, हे डॉक्टरांना सांगा, पण त्यावरून निर्णय तुम्ही घेऊ नका.

दुसरा शत्रू पार्व्हो. हा १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. उलट्या, रक्ताची हगवण, आणि लहान पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जातं. हा विषाणू फार चिवट. जमिनीवर कित्येक महिने टिकतो, साध्या फिनाइलला दाद देत नाही, आणि आपल्या चपलेला लागून घरात येतो. म्हणजे इथेही सोफ्याचा युक्तिवाद चालत नाही.

लोक विचारतात, पिल्लाला एकच लस पुन्हा पुन्हा का? कारण ऐकण्यासारखं आहे. पहिल्या दुधातून पिल्लाला आईची प्रतिकारशक्ती मिळते. ती त्याला सांभाळते, पण लसीलाही निकामी करते. हे आईचं कवच कधी विरतं? एकाचं सातव्या आठवड्यात, एकाचं चौदाव्या. बाहेरून कळायला मार्ग नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरुवात करून, दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत लस देत राहायची. त्यातली एक तरी नेमक्या वेळी लागू पडते. दोन दिल्या आणि तिसरी राहिली, तर कदाचित तीच खरी होती. हा क्रम पुरा होईपर्यंत पिल्लाला अनोळखी कुत्र्यांच्या जागी जमिनीवर सोडू नका. कडेवर घेऊन जग जरूर दाखवा. डिस्टेंपरची लसही याच क्रमात येते.

आता गोचीड. आपल्या उबदार हवेत ते बारा महिने असतात. आपल्याकडचा तपकिरी गोचीड रक्त पिऊन कुत्र्यावरून खाली उतरतो, भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे शिरतो, तिथे कात टाकतो. मादी तिथेच हजारो अंडी घालते. तुम्ही कुत्र्यावरचे चार वेचता आणि भिंतीत पुढची पिढी तयार होत असते. म्हणून उपाय कुत्र्यावर आणि घरात, दोन्हीकडे करावा लागतो. गोळी, मानेवर टाकायचं औषध किंवा पट्टा, यांतलं काय घ्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि खंड पडू देऊ नका. चिकटलेला गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचा. काडीनं जाळायचा नाही, त्यावर रॉकेल ओतायचं नाही, नखानं चिरडायचा नाही.

का एवढं? कारण गोचिडाच्या चाव्यातून एर्लिकिया आणि बबेसियासारखे रोगजंतू रक्तात जातात. ताप, जेवण सोडणं, पांढुरक्या हिरड्या, नाकातून रक्त, गडद लालसर लघवी. यांतलं काहीही दिसलं तर ‘उद्या बघू’ म्हणू नका.

पावसाळ्यात लेप्टो. उंदराच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यात येतात. जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत माणसांमध्ये या रोगाची साथ आली होती, ती तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. कुत्र्यालाही तो होतो, आणि कुत्र्याकडून माणसाला होऊ शकतो. लस दर वर्षी घ्यावी लागते, आणि ती या रोगाच्या सगळ्या जातींवर चालत नाही. म्हणून डबक्यातून फिरवायचं नाही, आणि कुत्र्याची खाण्याची ताटली रात्रभर उघडी ठेवायची नाही. ते उंदरांना आमंत्रण.

जंतांबद्दल थोडक्यात. गोल जंत आईच्या पोटातून आणि दुधातून पिल्लात येतात. म्हणून औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू होतं. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी. घरात रांगणारं मूल असेल तर याची आठवण अधिकच ठेवा, कारण हे जंत मुलांनाही त्रास देतात.

उन्हाळ्यात एक गोष्ट विसरू नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ काढून धापा टाकणं हाच त्याचा पंखा. चपट्या नाकाच्या पगचा तो पंखाही अर्धवट चालतो. म्हणून फिरवायचं सकाळी आणि सूर्य मावळल्यावर. डांबरी रस्त्यावर आपला हात उलटा सात सेकंद ठेवून पाहा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही. बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका. ऊन लागलंच तर साध्या गार पाण्यानं अंग भिजवा, पंखा लावा आणि लगेच दवाखाना गाठा.

स्वयंपाकघराकडे येतो. आपलं सगळं जेवण कांदा-लसणाच्या फोडणीचं. या दोन्हींमुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडाला घातक, तेव्हा प्रसादाच्या शिऱ्यातला मनुकाही नको. चॉकलेट नको. शिजवलेलं हाड नको, त्याच्या चिरफाळ्या आतड्यात टोचतात. आणि आपल्या डब्यातली तापाची किंवा दुखण्याची गोळी कधीही नको.

लाडाचंही एक वजन असतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर होते. निम्म्यांना त्यांच्या जोडीदारांपेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिलं. ते सुमारे १.८ वर्षं अधिक जगले. कुत्र्याच्या आयुष्यात हा काळ केवढा मोठा! अंगावरून हात फिरवल्यावर बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर चपाती कमी करा, फिरणं वाढवा.

शेवटचा मुद्दा. महाभारताच्या आदिपर्वात सरमा या कुत्रीची गोष्ट आहे. जनमेजयाच्या भावांनी तिच्या पिल्लाला विनाकारण मारलं. ते रडत आईकडे गेलं, तिला सगळं सांगितलं, आणि ती राजाला जाब विचारायला गेली. आपल्या घरातलं पिल्लू सांगू शकत नाही. त्यातून कुत्रा दुखणं लपवतो. त्यामुळे सांगण्याची जबाबदारी आपल्याकडे येते. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं काढा. कान उघडून वास घ्या, हिरड्यांचा रंग बघा, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा, दात बघा. रोज तो किती जेवला, किती पाणी प्यायला, शी कशी झाली, एवढं लक्षात ठेवा. निरोगी असताना तो कसा असतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच बिघाड लवकर कळतो.

आणि घरातल्या दिनदर्शिकेवर लसीची, जंताच्या औषधाची, गोचिडाच्या औषधाची तारीख आजच लिहा. मुलं परगावी किंवा परदेशी गेली आणि कुत्रा आईवडिलांकडे राहिला, अशी घरं आता पुष्कळ आहेत. तिथे तर तारीख मोठ्या अक्षरांत लिहा. न आलेला आजार आपली आठवण स्वतःहून कधीच करून देत नाही. ती आपल्यालाच ठेवावी लागते.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.