एक्स्प्लेनर : पॉवरलिफ्टिंग जिमची दुप्पट-तिप्पट फी वसूल होते का? पैसे भरण्याआधी हे गणित करा

जिम सुरू करून वर्ष होते. सुरुवातीला भराभर वाढणारी बेंच प्रेस ५० किलोवर येऊन अडते. संध्याकाळी स्क्वॉटसाठी रॅक रिकामा मिळत नाही. डेडलिफ्ट करताना प्लेट जरा जोरात टेकली, की खालच्या मजल्यावरून तक्रार येते आणि ट्रेनर म्हणतो, ‘भाऊ, हळू.’ अशा वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पॉवरलिफ्टिंग जिमची रील मोबाइलवर दिसते. चौकशी केली, तर फी नेहमीच्या जिमच्या दुप्पट-तिप्पट. नुकतीच नोकरी लागलेल्या, घरभाडे आणि हप्ते सांभाळणाऱ्या तरुणाने किंवा तरुणीने हे पैसे भरावेत का?

पॉवरलिफ्टिंग म्हणजे नेमके काय?

या खेळात तीनच प्रकार असतात. स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट. प्रत्येक प्रकारात तीन प्रयत्न मिळतात आणि तिन्हींतील सर्वोत्तम वजनांची बेरीज म्हणजे खेळाडूचे ‘टोटल’. मीराबाई चानूने टोकियो ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवले ते वेटलिफ्टिंगमध्ये. त्यात वजन डोक्यावर उचलतात. पॉवरलिफ्टिंग ऑलिम्पिकमध्ये नाही. पॅरालिम्पिकमध्ये मात्र त्यातील बेंच प्रेस खेळली जाते.

जादा पैसे कशाचे?

पहिला खर्च सामानाचा. स्पर्धेचा बार २० किलोचा असतो आणि दोन्ही बाजूंचे कॉलर मिळून ५ किलो भरतात. म्हणजे प्लेट लावण्याआधीच २५ किलो. गल्लीतल्या जिममधला रॉड १५ किलोचा की २० किलोचा, हे अनेकदा ट्रेनरलाही नक्की सांगता येत नाही.

प्लेट्सचेही तसेच. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमानुसार प्लेटच्या वजनात ०.२५ टक्के किंवा १० ग्रॅमपेक्षा जास्त फरक चालत नाही. २५ किलोच्या प्लेटमध्ये तो फार तर ६२ ग्रॅम. साध्या ओतीव लोखंडी प्लेटमध्ये एवढी अचूकता गृहीत धरता येत नाही.

मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो, त्यामुळे डेडलिफ्टचा बार जमिनीपासून साधारण साडेबावीस सेंटीमीटरवर राहतो. लहान व्यासाच्या प्लेट लावल्या, की बार खाली जातो आणि पाठीला जास्त वाकावे लागते. वजन तेच, पण व्यायाम बदलतो.

दुसरा खर्च जागेचा. भक्कम जमीन, रबरी थर, जास्त रॅक आणि वजन सुटले तर ते झेलणारे आडवे सेफ्टी बार. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा खर्च प्रशिक्षकाच्या नजरेचा.

रॅकचा प्रश्न एवढा मोठा का?

समजा, स्क्वॉटचे पाच सेट आहेत. जड सेटनंतर चार मिनिटे विश्रांती धरली, तर चार विश्रांतींची १६ मिनिटे, सेटची पाच आणि वॉर्मअपची दहा. एका माणसाला अर्धा तास रॅक लागतो. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत एकच रॅक असेल, तर चौघांचाच नंबर लागेल. पाचवा माणूस विश्रांती कमी करतो किंवा लेग प्रेसवर भागवतो. त्याची ताकद का वाढत नाही, याचे उत्तर अनेकदा इथेच असते.

एका दिवसाचा खर्च कसा काढायचा?

महिन्याची फी बघून निर्णय घेऊ नका. प्रत्यक्ष किती दिवस जाल, त्याने भागा. उदाहरणापुरते आकडे घेऊ. जवळची जिम महिन्याला १,५०० रुपये, पॉवरलिफ्टिंग जिम ४,५०० रुपये आणि तिथे जाण्यायेण्याचा खर्च दिवसाला ८० रुपये.

• जवळच्या जिममध्ये १६ दिवस : दिवसाला सुमारे ९४ रुपये
• पॉवरलिफ्टिंग जिममध्ये १६ दिवस : प्रवासासह सुमारे ३६१ रुपये
• तिथेच ८ दिवस : प्रवासासह सुमारे ६४२ रुपये

फी तीच, पण दांड्या पडल्या की दिवसाचा खर्च जवळपास दुप्पट होतो. म्हणून खरा प्रश्न ‘परवडेल का?’ एवढाच नाही. ऑफिस सुटल्यावर, पावसात, लोकल उशिरा धावत असताना आठवड्यातून तीन-चारदा तिथे पोहोचणे जमेल का, हाही आहे. आताच्या जिममध्ये गेल्या तीन महिन्यांत किती दिवस गेलात, ते हजेरीच्या नोंदीवरून पाहा. घराजवळच्या जिममध्ये आठवड्यातून दोनदाच जाणारा माणूस लांबच्या जिममध्ये चारदा जाईल, अशी शक्यता कमीच.

आहे त्या जिममध्ये काय सुधारता येईल?

बरेच काही. अनेक जिममध्ये सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना लावली, की वाढ थेट ५ किलोची. ५० किलो बेंच करणाऱ्यासाठी ती १० टक्के आहे. ३० किलो उचलणाऱ्या मुलीसाठी जवळपास १७ टक्के. एवढी उडी दर वेळी झेपत नाही आणि प्रगती थांबल्यासारखी वाटते. अर्धा आणि सव्वा किलोच्या प्लेटची जोडी स्वतः विकत घेऊन बॅगेत ठेवली, तर हा अडथळा दूर होतो.

शक्य असल्यास गर्दीची वेळ टाळा. साधारण तेवढेच वजन उचलणारा एक जोडीदार शोधा. एकाची विश्रांती सुरू असताना दुसऱ्याचा सेट होतो आणि बेंचवर सपोर्ट द्यायला माणूसही मिळतो. मोबाइल बाजूला ठेवून सेटचे चित्रण करा आणि वही ठेवा. सहा-आठ महिने हे सगळे करूनही रॅक, रॉड किंवा मार्गदर्शनामुळेच अडत असेल, तर जादा फीचा विचार रास्त ठरतो.

मग ही जिम कोणासाठी?

स्पर्धेत उतरायचे असेल, तर उत्तर बरेचसे ‘हो’कडे झुकते. स्क्वॉटमध्ये मांडीचा सांधा गुडघ्याच्या वरच्या पातळीखाली जावा लागतो. बेंचवर बार छातीवर स्थिर झाल्यावर पंचाने ‘प्रेस’ म्हणेपर्यंत थांबावे लागते. तीन पंचांपैकी दोघांनी पांढरा दिवा दिला तरच वजन मान्य होते. एखाद्या प्रकारातले तिन्ही प्रयत्न बाद झाले, तर टोटलच राहत नाही. नेहमीच्या जिममध्ये छातीवरून बार उसळवून मारलेले ८० किलो इथे शून्य ठरू शकतात. ही शिस्त लावणारा प्रशिक्षक आणि सोबत सराव करणारे खेळाडू मिळणार असतील, तर पैसे कारणी लागतात.

वजन कमी करणे, तब्येत राखणे किंवा अंगात थोडी ताकद आणणे एवढाच हेतू असेल, तर दोन-तीन चांगले रॅक असलेली जवळची जिम पुरेशी आहे. या दोन्हींच्या मधल्यांसाठी मधला मार्गही आहे. नियमित सराव जवळच्या जिममध्ये करायचा आणि पॉवरलिफ्टिंग जिम एका दिवसाची फी घेऊन प्रवेश देत असेल, तर महिन्यातून एक-दोनदा तिथे जाऊन तंत्र तपासून घ्यायचे.

रक्तदाब, हर्निया किंवा पाठीचे जुने दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. श्वास रोखून जड वजन उचलताना रक्तदाब वेगाने वाढतो.

पैसे भरताना काय पाहायचे?

• तुम्ही ज्या वेळेला जाणार, त्याच वेळेला जाऊन रिकामे रॅक मोजा. दुपारी दाखवलेली जिम संध्याकाळी वेगळी असते.
• प्रशिक्षण फीमध्येच आहे की त्याचे वेगळे पैसे, हे विचारा. प्रशिक्षक सेट बघतो का, की फक्त व्हॉट्सॲपवर तक्ता पाठवतो?
• सेफ्टी बार आहेत का आणि लोक ते लावतात का, ते बघा.
• सवलतीच्या मोहात वर्षाची फी एकदम भरू नका. आधी महिना, मग तिमाही.
• आजारपणात मेंबरशिप थांबवता येते का, पैसे परत मिळतात का, हे लेखी घ्या.
• बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरील जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आहे. बिलावर जुना दर नाही ना, ते तपासा.
• तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

वरच्या उदाहरणात दोन जिमच्या फीमध्ये वर्षाला ३६,००० रुपयांचा फरक पडतो. पहिल्या महिन्याचे पैसे भरा आणि हजेरी लिहून ठेवा. ठरवलेल्या १६ दिवसांपैकी किमान १२ दिवस गेलात आणि वहीतले आकडे हलू लागले, तर तिमाही भरायला हरकत नाही. आकडा आठच्या आसपास राहिला, तर ते पैसे वाचवा आणि घराजवळच्या जिममध्ये लहान प्लेटची जोडी घेऊन जा.