सेन्सरचं डिफ की लोखंडाचं?

ट्रॅक्टरच्या सीटवर बसलं की उजव्या पायाशी ब्रेकचे दोन पेडल असतात, एक डाव्या चाकाचा, एक उजव्या चाकाचा. टाचेजवळ आणखी एक छोटा पेडल असतो. त्याला आमच्याकडे सगळे डिफ-लॉक म्हणतात. आहुपेकडे भाताची चिखलणी करणारा असो की पारगावच्या काळ्या रानातून कारखान्याचा ऊस बाहेर काढणारा, चाक रुतलं की त्याचा पाय आपोआप या तिघांपैकी एकावर जातो. लाखो रुपयांच्या स्पोर्ट्स कारमधलं इलेक्ट्रॉनिक डिफ्रन्शियल काढून मेकॅनिकल बसवावं का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर याच पेडलांपाशी आहे. नारायणगावात डिफ्रन्शियलची हाउसिंग उघडण्यात माझं आयुष्य गेलं, त्या अनुभवावर मी हे बोलतो.

आधी डिफ्रन्शियल कशाला असतं ते बघू. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्यावर घट्ट असती तर एक तरी फरफटलं असतं. म्हणून मधे गिअरची अशी जोडणी करतात की जोर दोघांना मिळतो आणि वेग ज्याचा त्याचा राहतो. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेक्यूरने 1820 च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी याचं पेटंट घेतलं. समजून घ्यायचं असेल तर ट्रॅक्टरची मागची दोन्ही चाकं जॅकवर उचला, इंजिन बंद ठेवा, गिअर टाका आणि एक चाक हाताने पुढे फिरवा. दुसरं मागे फिरतं. शिकाऊ पोरांना मी पहिल्या दिवशी हेच करायला लावतो.

खोट अशी, की साधं डिफ दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक चिखलात गेलं आणि त्याला फिरायला काही जोरच लागेना, की कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच नगण्य जोर मिळतो. एक भन्नाट फिरतं, दुसरं ढिम्म उभं.

यावर इलाज दोन. फिरणाऱ्या चाकाच्या बाजूचा ब्रेक दाबायचा, म्हणजे त्या चाकाला अडसर होतो आणि तेवढाच जोर पलीकडेही जातो. नाहीतर टाचेने डिफ-लॉक दाबायचा, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडली जातात. पहिल्यात इंजिनाची ताकद ब्रेकमध्ये जळून उष्णता होते. दुसऱ्यात ती जळत नाही, पण सरळ जाईपर्यंतच. लॉक दाबून वळलं तर डिफचे गिअर नाहीतर एक्सल तुटतो, आणि मग गाडी आमच्या दारात येते.

हे दोन्ही इलाज आता गाड्यांमध्ये आपोआप होतात. नाशिकला बनणाऱ्या महिंद्रा थारचं उदाहरण आपल्याच हायवेवरचं आहे. 2015 मध्ये थारला मागच्या बाजूला ईटनचं मेकॅनिकल लॉकिंग डिफ्रन्शियल मिळालं, 2020 च्या नव्या थारमध्येही ते आलं. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण 100 फेऱ्यांचा फरक पडला की आतली छोटी वजनं फेकली जाऊन खटका अडकवतात, प्लेटा आवळल्या जातात आणि डिफ जखडतं. वेग ताशी 30 किलोमीटरच्या पुढे असला तर दुसरं एक वजन बाजूला सरकून हा खटका अडकूच देत नाही. ना तार, ना सेन्सर. 2023 मध्ये कंपनीने काही प्रकारांतून ते काढून ब्रेकवर चालणारं डिफ दिलं. तेव्हा आमच्याकडच्या डोंगरपट्ट्यातल्या मालकांना वाईट वाटलं, आणि मला ते पटतं. दगडाच्या चढावर पाच मिनिटं चाक फिरत राहिलं की ब्रेक तापतो.

स्पोर्ट्स कारमध्ये प्रश्न चिखलाचा नसतो, वळणाचा असतो. माळशेज चढताना तीव्र वळणावर गाडीचं वजन बाहेर झुकतं, आतलं चाक हलकं होतं आणि एक्सिलरेटर दाबला की तेच फिरतं. 2025 च्या मे महिन्यात भारतात आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयमध्ये 265 पीएसची ताकद पुढच्या दोनच चाकांवर येते. त्यासाठी डिफच्या बाजूला, उजव्या शाफ्टकडे, प्लेटांचा एक क्लच आहे. कंट्रोल युनिट चाकांचे वेग आणि स्टिअरिंगचा कोन वाचतं, छोटा पंप तेलाचा दाब देतो, प्लेटा आवळतात आणि जोर बाहेरच्या चाकाकडे जातो. हे डिफ ब्रेक तापवत नाही. हायवेवर सरळ जाताना मोकळं राहतं. मला ही रचना आवडते.

मग लोक ते काढतात कशासाठी? रेस ट्रॅकवर फेरीमागून फेरी मारली की प्लेटा आणि तेल तापतं, संरक्षणासाठी कंट्रोल युनिट पकड सैल करतं, आणि चालकाला प्रत्येक वळणावर गाडी वेगळी वाटते. मेकॅनिकल डिफमध्ये तसं होत नाही. प्लेटांच्या प्रकारात गिअरची आडवी पिन उतरत्या खाचेत बसवलेली असते. जोर वाढला की पिन खाचेच्या उतारावर चढते, दोन्ही कड्या बाहेर ढकलते आणि प्लेटा दाबते. म्हणजे जोरच स्वतःचं कुलूप लावतो. फर्डिनांड पोर्शेच्या ऑटो युनियन रेसकारसाठी 1930 च्या दशकात जर्मनीच्या झेडएफने याच जातीचं डिफ केलं.

दुसऱ्या प्रकारात तिरकस दातांचे गिअर असतात. असं डिफ शांत चालतं, त्यात झिजायला प्लेटाच नसतात. पण ते घसरणाऱ्या चाकाच्या काही पटच जोर दुसऱ्याला देतं, आणि चाक हवेत गेलं तर शून्याची कितीही पट शून्यच. अमेरिकी लष्कराच्या हमव्हीत असंच डिफ आहे, म्हणून तिच्या चालकांना अडकल्यावर एक्सिलरेटरसोबत ब्रेक हलकासा दाबायला शिकवतात. आमच्या ट्रॅक्टरवाल्याला हे कोणी शिकवावं लागत नाही.

मंचरचा एक तरुण मला विचारत होता, "काका, एका दिवसात होईल ना?" नाही होत. जीटीआयसारख्या गाडीत गिअरबॉक्स खाली उतरवून उघडावा लागतो, बाजूचा क्लच काढून तिथे दुसरा शाफ्ट घालावा लागतो. बेअरिंग प्रेसने बसवायचं, शिम बदलत बदलत त्याचा ताण जुळवायचा. रिअर-व्हील गाडीत क्राऊन-पिनियनचा प्ले डायल गेजवर मोजायचा. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा तो असतो. मग क्राऊनच्या दातांना रंग लावून हाताने फिरवायचं आणि ठसा बघायचा. तो दाताच्या मधोमध उमटला पाहिजे. टोकाला किंवा मुळाशी गेला तर पुन्हा सगळं खोला. ही पायरी जो टाळतो त्याच्या गाडीतून काही महिन्यांत हूं असा आवाज येऊ लागतो, आणि तो वाढतच जातो. त्यानंतर कॉम्प्युटर. पंप सापडला नाही की तो डॅशबोर्डवर दिवा लावतो, म्हणून कोडिंगही बदलावं लागतं.

त्या तरुणाला मी सांगितलं, तू चाकणला कामाला जातोस, रविवारी भीमाशंकरला. पावसाळ्यात घोडेगावच्या पुढे रस्त्यावर पाणी, शेण आणि लाल माती असते. तिथे प्लेटांचं कडक डिफ पुढच्या चाकांना सरळ ओढतं, स्टिअरिंग हातात खेचतं, पार्किंगमध्ये वळताना खडखडतं. कंपनीचंच राहू दे, त्याचं तेल वेळेवर बदल आणि चांगले टायर घाल. कोइमतूरच्या करी स्पीडवेवर नियमित गाडी पळवणार असशील तर मात्र मेकॅनिकलच घे. तेव्हा काढलेला क्लच विकू नको. तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेव, कारण गाडी विकताना गिऱ्हाईक तोच मागेल.