घरगुती वापरासाठी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची निवड : काही विचारणीय बाबी

एप्रिल-मे २०२१ मधील कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे यंत्र अनेक मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. त्या घाईत बरीच खरेदी 'किती लिटरचे?' या एकाच प्रश्नावर झाली. सीओपीडीसारख्या फुप्फुसविकारात मात्र हे यंत्र वर्षानुवर्षे वापरावे लागते. म्हणून त्याच्या निवडीचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक ठरते.

हे यंत्र प्राणवायू निर्माण करीत नाही, तो हवेतून वेगळा काढते. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन व २१ टक्के प्राणवायू असतो. कॉम्प्रेसरने दाबलेली हवा झिओलाइटचे कण भरलेल्या नळकांड्यात शिरते, तेथे नायट्रोजन धरून ठेवला जातो व प्राणवायू पुढे जातो. दाब कमी होताच नायट्रोजन बाहेर सोडला जातो. दोन नळकांडी आळीपाळीने हे कार्य करीत असल्याने प्रवाह अखंड राहतो.

निवडीचा कळीचा मुद्दा यातूनच निष्पन्न होतो. क्षमतेपलीकडे प्रवाह वाढविल्यास नायट्रोजन पुरेसा वेगळा होत नाही व शुद्धता घसरते. 'एक ते सात लिटर' अशी जाहिरात असलेली काही स्वस्त यंत्रे एक लिटरला ९० टक्के, तर कमाल प्रवाहाला जेमतेम ३०-४० टक्के प्राणवायू देतात. असे यंत्र म्हणजे महागडा पंखाच होय. दर्जेदार यंत्र पूर्ण प्रवाहालाही साधारणतः ९० ते ९६ टक्के शुद्धता राखते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या तांत्रिक निकषांत ही किमान मर्यादा ८२ टक्के आहे. शुद्धता घसरल्यास इशारा देणारा संवेदक यंत्रात असणे म्हणूनच महत्त्वाचे.

प्रवासी यंत्रांबाबत आणखी एक गैरसमज आढळतो. त्यांपैकी बहुतेक यंत्रे केवळ श्वास घेतानाच प्राणवायूचा झोत सोडतात. त्यांवरील '५' हा अंक मिनिटाला पाच लिटर असा नसतो.

विजेचा हिशेबही करावयास हवा. ३५० वॅटचे यंत्र रोज १५ तास चालल्यास महिन्याला सुमारे १५७ युनिट वीज लागते. वीज जाताच पुरवठा थांबतो, त्यामुळे ग्रामीण भागात सिलिंडरची जोड अपरिहार्य ठरते. १,५०० लिटर वायूचा सिलिंडर मिनिटाला दोन लिटर प्रवाहाने साधारण साडेबारा तास पुरतो.

प्रवाह किती ठेवावा, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. सीओपीडीच्या काही रुग्णांत अतिरिक्त प्राणवायूमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो. त्यामुळे त्यांच्यासाठी सामान्यतः ८८ ते ९२ टक्के संपृक्तता पुरेशी मानली जाते. यंत्र भिंतीपासून थोडे दूर, तसेच गॅसची शेगडी, समई व उदबत्ती यांपासून लांब ठेवावे. ज्या खोलीत ते चालू असेल तेथे धूम्रपान पूर्णतः वर्ज्य मानावे.