दूरचित्रवाणीवरील विज्ञान आणि घरांतील मंडळी

दिनांक २३ ऑगस्ट २०२३ रोजीं सायंकाळीं पावणेसहाच्या सुमारास भारतांतील असंख्य घरांत एकच दृश्य दिसत होतें. कचेरींतून लवकर परतलेली आई, हातांतलें काम टाकून आलेले वडील, खुर्ची पुढें ओढून बसलेले आजोबा आणि त्यांच्या पायाशीं बसलेलीं मुलें, हीं सारीं दूरचित्रवाणीच्या पडद्याकडे डोळे लावून होतीं. चांद्रयान-३ चें 'विक्रम' नांवाचें यान सुमारें ३० किलोमीटर उंचीवरून चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशांत उतरूं लागलें होतें. सहा वाजून चार मिनिटांनीं तें सुखरूप टेकलें. घरोघरीं टाळ्या झाल्या, कोठें पेढेही वाटले गेले. अशा वेळीं एखादें लहान मूल सहज विचारून जातें, "आजोबा, यान उतरतांना त्याचा फोटो कुणी काढला? तिथं तर कुणीच नव्हतं!"

या प्रश्नाला दोन तऱ्हांनीं उत्तर देतां येतें. "गप्प बस, ऐकूं दे," हें एक, आणि "खरंच की, हें आमच्या ध्यानांतच आलं नाहीं, बघूं या," हें दुसरें. पहिल्या उत्तरानें खोलींत शांतता होते, परंतु मूल पुढच्या वेळीं विचारीत नाहीं. दुसऱ्या उत्तरानें कदाचित् पुढील दोन वाक्यें ऐकावयाचीं राहून जातील, परंतु घरांत विज्ञानाचा प्रवेश होईल. विज्ञानविषयक कार्यक्रम कुटुंबानें एकत्र बसून पाहावेत असें जें म्हटलें जातें, त्याचें मर्म या दोन उत्तरांमधील अंतरांत आहे.

वस्तुतः त्या सायंकाळीं पडद्यावर जें यान उतरतांना दिसत होतें, तें छायाचित्र नव्हतेंच. तें संगणकानें रेखाटलेलें चित्र होतें. खरे होते ते त्याच्या सोबतचे आंकडे. यानाची उंची किती आणि वेग किती, याची मोजणी यानावरील उपकरणें करीत होतीं व ते आंकडे रेडिओलहरींच्या द्वारें पृथ्वीवर येत होते. चंद्र सरासरीनें सुमारें ३,८४,००० किलोमीटर दूर असल्यामुळें या लहरींस येथवर पोंचावयास सव्वा सेकंदाहून किंचित् अधिक वेळ लागतो. म्हणजे 'विक्रम' टेकल्याची वार्ता पृथ्वीवर आली, तेव्हां तें टेकून एक सेकंद उलटूनही गेला होता! यानानें उतरतांना स्वतः घेतलेलीं छायाचित्रें मागाहून आलीं. आणि चंद्रभूमीवर उभ्या असलेल्या 'विक्रमा'चें, 'प्रज्ञान' या बग्गीनें घेतलेलें छायाचित्र तर ३० ऑगस्ट रोजीं प्रसिद्ध झालें. तेव्हां मुलाचा प्रश्न भाबडा नव्हता. मोठ्या माणसांच्या नजरेंतून निसटलेली गोष्ट त्यानें पकडली होती.

येथें दूरचित्रवाणीच्या स्वभावाचा थोडा विचार केला पाहिजे. पुस्तकाचें पान मागें उलटतां येतें. वर्गांतील शिक्षक मुलांचे चेहरे पाहून थांबतो, पुन्हां समजावून सांगतो, प्रश्न विचारतो. दूरचित्रवाणी एकसारखी पुढें चाललेली असते. समोरच्यास समजलें कीं नाहीं, हें तिला दिसत नाहीं. आतां पुष्कळसे कार्यक्रम हवे तेव्हां थांबवितां येतात हें खरें. परंतु कोठें थांबावयाचें, हें यंत्रास कळत नाहीं. तें शेजारीं बसलेल्या माणसास कळतें. चित्र दाखविणें हें यंत्राचें काम. थांबणें, विचारणें आणि ताडून पाहणें हें घरच्या माणसांचें काम. हें दुसरें काम कोणीं केलें नाहीं, तर कार्यक्रम कितीही उत्तम असला तरी मनांत केवळ झगमगाट उरतो आणि दुसऱ्या दिवशीं तोही विरून जातो.

भारतांत दूरचित्रवाणीचा मोठ्या प्रमाणावर शैक्षणिक उपयोग प्रथम करण्यांत आला, तोही समूहाच्या साक्षीनेंच. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर 'एटीएस-६' या अमेरिकन उपग्रहाच्या साह्यानें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविण्यांत आले. जाळीच्या मोठ्या तबकड्या उभारून उपग्रहाचे संदेश थेट गांवांत उतरवून घेतले जात. सकाळीं शाळेंतील मुलांसाठीं आणि सायंकाळीं प्रौढांसाठीं असे हे कार्यक्रम असत. संच गांवास एक. त्यामुळें पाहणें झालें तें सर्वांनीं मिळून. या प्रयोगाशीं ज्यांचा निकटचा संबंध होता, ते अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे तत्कालीन संचालक प्राध्यापक यशपाल पुढें १९९१ मध्यें सुरू झालेल्या दूरदर्शनवरील 'टर्निंग पॉइंट' या मालिकेमुळें घरोघरीं परिचित झाले. त्या मालिकेचा प्राण म्हणजे प्रेक्षकांचे प्रश्न. देशाच्या कानाकोपऱ्यांतून पत्रें येत, आणि यशपाल साध्या बोलींत त्यांस उत्तरें देत. पत्र लिहिण्यापूर्वीं तो प्रश्न कोणाच्या तरी घरांत कोणी तरी मोठ्यानें विचारलेला असणार, हें उघड आहे.

महाराष्ट्रांत याच परंपरेंतील एक गोड उदाहरण डॉ. जयंत नारळीकर यांचें आहे. मुलें स्वाक्षरी मागावयास आलीं, कीं ते स्वाक्षरी देत नसत. विज्ञानांतील एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तराखालीं स्वाक्षरी मिळेल, असें सांगत. २०२५ मध्यें ते निवर्तले. परंतु त्यांनीं घालून दिलेला हा पाठ कोणत्याही घरास गिरवितां येण्याजोगा आहे. प्रश्नावांचून मिळालेलें उत्तर फार काळ टिकत नाहीं.

मग घरांत विचारावयाचें तें काय? तीन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला प्रश्न असा: हें जें दिसत आहे, तें पाहिलेलें आहे कीं रचलेलें? पडद्यावर कळी दहा सेकंदांत उमलते. येथें खोटें कांहीं नाहीं, पण काळ मात्र आवळलेला आहे. समजा, कॅमेऱ्यानें दर मिनिटास एक चित्र घेतलें व तीं चित्रें दर सेकंदास २५ या वेगानें दाखविलीं. तर संपूर्ण दिवसाचीं १,४४० चित्रें एका मिनिटाच्या आंतच संपतील. हा हिशेब चौथी-पांचवींतील मुलास पाटीवर करतां येतो, आणि तो केल्यावर त्या फुलाकडे पाहण्याची त्याची दृष्टि बदलते. २५ डिसेंबर २०२१ रोजीं अवकाशांत सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचीं रंगीत चित्रें पाहतांनाही हाच प्रश्न उपयोगी पडतो. ती दुर्बीण मुख्यतः अवरक्त किरण टिपते. ते मानवी डोळ्यांस दिसत नाहींत; म्हणून शास्त्रज्ञ त्यांतील भेद दाखविण्यासाठीं निरनिराळे रंग योजतात. अवकाशयान जातांना ऐकूं येणारी घरघर तर निव्वळ सजावट होय, कारण निर्वात पोकळींतून ध्वनि प्रवास करीत नाहीं.

दुसरा प्रश्न: हें त्यांना कळलें कसें? दूरच्या ताऱ्यांत कोणतीं द्रव्यें आहेत, असें निवेदक सांगून जातो. तेथें कोणी गेलें नाहीं. मग कळलें कसें? ताऱ्याच्या प्रकाशाचे रंग वेगळे केले असतां त्यांत काळ्या रेषा आढळतात आणि प्रत्येक द्रव्याच्या रेषा ठराविक जागीं असतात, हें उत्तर मिळालें म्हणजे ऐकीव माहितीचें ज्ञानांत रूपांतर होतें. जो कार्यक्रम या प्रश्नाला कधींच उत्तर देत नाहीं, केवळ चमत्कार सांगत सुटतो, त्याविषयीं घरानें सावध राहावें. विज्ञानाचा वेष घेतलेल्या गप्पा आज पडद्यावर कमी नाहींत, आणि त्या ओळखण्याची संवय लहानपणींच लागली पाहिजे.

तिसरा प्रश्न: यांतील कांहीं घरीं करून पाहतां येईल काय? लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें १८२५ सालीं मुलांसाठीं नाताळच्या व्याख्यानांची प्रथा सुरू झाली. १९६६ पासून तीं व्याख्यानें दूरचित्रवाणीवरून नियमानें दाखविण्यांत येऊं लागलीं. मायकेल फॅरडे यानें तेथें केवळ एका मेणबत्तीवर व्याख्यानमाला दिली होती. मेणबत्ती विझवितांच वातींतून जो पांढरा धूर वर जातो, त्यास पेटती काडी लावली, तर ज्योत त्या धुरावरून खालीं उतरून वात पुन्हां पेटते. जळते ती मेणाची वाफ, हें यावरून दिसतें. वडील माणसांच्या देखरेखीखालीं हा प्रयोग कोणत्याही स्वयंपाकघरांत करतां येतो.

दुसरा प्रयोग याहूनही सोपा आहे. पडद्यावर पृथ्वी आणि चंद्र नेहमीं शेजारीं शेजारीं दाखविले जातात, कारण तसें न केल्यास ते चौकटींत मावत नाहींत. घरांत क्रिकेटचा चेंडू घ्यावा, ती पृथ्वी. दोन सेंटिमीटरांची मोठी गोटी घ्यावी, तो चंद्र. आतां गोटी कोठें ठेवावयाची? बहुतेक मुलें ती वीतभर अंतरावर ठेवतात. खरें अंतर पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपट, म्हणजे या मापानें सुमारें सात फूट! गोटी घेऊन आजोबा दाराशीं जाऊन उभे राहतात, तेव्हां खोलींतील सर्वांस अवकाशाची पहिली खरी कल्पना येते. याच मापानें सूर्य दुमजली घराएवढा होईल आणि तो पाऊण किलोमीटराहून अधिक दूर ठेवावा लागेल.

पुष्कळ वडीलधाऱ्या मंडळींस अशा बैठकीची मनांतून धास्ती वाटते. मुलानें विचारलें आणि सांगतां आलें नाहीं, तर मोठेपणास उणेपणा येईल, असें त्यांस वाटतें. म्हणून कोणी दटावतात, तर कोणी उठून जातात. ही भीति निराधार आहे. "मला ठाऊक नाहीं, आपण शोधूं," हें वाक्य वडिलांच्या तोंडून ऐकणें हें मुलाच्या दृष्टीनें मोठेंच शिक्षण होय. न कळणें ही लाजेची गोष्ट नसून कामाची सुरुवात आहे, हें त्यास त्यावरून उमगतें. शिवाय घरांतील वडिलांजवळ सांगण्यासारखें कांहींच नसतें असें नाहीं. सूक्ष्म जीवांवरील कार्यक्रम चालला असतां आजी सहज म्हणते, "थंडींत दही लवकर लागत नाहीं, म्हणून मी भांडें फडक्यांत गुंडाळून उबेला ठेवतें." निवेदकानें जें जीवाणूंच्या वाढीस लागणाऱ्या तापमानाविषयीं सांगितलें, तेंच आजीनें आयुष्यभर अनुभवानें जाणलेलें असतें. त्या क्षणीं पडद्यावरील शास्त्र आणि घरांतील शहाणपण यांची ओळख होते, आणि नातवंडांच्या नजरेंत दोहोंचीही किंमत वाढते.

पूर्वीं घरांत संच एक होता, त्यामुळें एकत्र बसणें आपोआप घडे. आतां अनेक घरांत प्रत्येकाच्या हातांत स्वतंत्र पडदा आहे. एकाच खोलींत चौघे चार निरनिराळीं चित्रें पाहत असतात, कानांत श्रवणिका असतात. जगांतील उत्तमोत्तम विज्ञानकार्यक्रम मुलास आज एका बोटासरशीं मिळतात, हें मोठें भाग्य होय. परंतु तें पाहतांना उठलेला प्रश्न ऐकावयास शेजारीं कोणी नसतें. म्हणून एकत्र बसणें आतां ठरवून करावें लागतें. आठवड्यांतून एक दिवस, एकच कार्यक्रम, अर्धा-पाऊण तास; तो निवडण्याची पाळी एकदां मुलांची, एकदां मोठ्यांची; आणि संपल्यावर संच बंद करून पंधरा मिनिटें बोलणें. सुटलेला प्रश्न भिंतीवरील कागदावर लिहून ठेवावा. पुढील आठवड्यापर्यंत कोणी ना कोणी त्याचा माग काढतोच.

यासाठीं खर्च नाहीं, विद्वत्ता नको. थोडा वेळ आणि थोडा धीर पाहिजे. पुन्हां केव्हां तरी एखादें यान दूरच्या भूमीवर उतरेल, सारें घर पडद्यासमोर जमेल, आणि ऐन मोक्याच्या क्षणीं एखादें मूल मध्येंच बोलेल. त्या वेळीं त्यास गप्प न करतां सर्वांनीं आधीं त्याचें ऐकून घ्यावें.