ज्वालामुखी दूरचा, खोळंबा आपल्या मालाचा

ट्रॉम्बेची टेकडी काळ्या दगडाची आहे. हा दगड म्हणजे सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी जमिनीतून वर येऊन थिजलेला लाव्हा. आज येथे जिवंत ज्वालामुखी नाही. देशातील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातील बॅरन बेटावर आहे. मग चीता कॅम्पच्या कारखानदाराने या विषयाची काळजी का करावी?

कारण लाव्हा जागेवर राहतो, राख मात्र प्रवास करते. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातील हेली गुब्बी ज्वालामुखीचा उद्रेक झाला. तांबडा समुद्र ओलांडून येमेन, ओमानवरून त्याची राख दुसऱ्याच दिवशी गुजरात, राजस्थान व दिल्लीच्या आकाशात पोहोचली. एअर इंडियाने काही उड्डाणे रद्द केली. अकासाची जेद्दा, कुवेत व अबुधाबीची विमाने थांबली. राखेचे काचेसारखे कण इंजिनात वितळून चिकटतात व इंजिन बंद पडू शकते. म्हणून विमान न उडवणे हाच इलाज. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या उद्रेकाने युरोपचे आकाश सुमारे सहा दिवस बंद राहिले व जवळजवळ एक लाख उड्डाणे रद्द झाली.

आता नुकसानीचा हिशेब. विम्याबाबत मतभेद आहेत, तो प्रश्न वेगळा. पण ज्यांनी विमा उतरवला आहे, त्यांनी कागद नीट वाचावा. मालवाहतुकीच्या प्रचलित विमा अटींत उशिरामुळे झालेले नुकसान वगळलेले असते, मग उशिराचे कारण काहीही असो. म्हणजे माल सुखरूप पोहोचला पण हंगाम निघून गेला, तर भरपाई नाही. कारखान्याचे निराळे आहे. एका जागेवरील मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असलेल्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसी आहे. तिच्यात ज्वालामुखीबरोबर भूकंप, पूर व दरडही धरली आहे. टेकडीच्या पायथ्याशी धंदा करणाऱ्यांना दरड व पुराचे कलम अधिक कामाचे.

व्यापारी बंधूंनी एवढे करावे :

१) ईद किंवा लग्नसराईचा माल शेवटच्या विमानावर सोडू नये, आठवडाभराची सवड ठेवावी.

२) नैसर्गिक आपत्तीने उशीर झाल्यास दंड नाही, ही अट सौद्यात लेखी घ्यावी.

३) एलसीची मुदत संपण्याआधीच बँकेमार्फत खरेदीदाराकडून वाढवून घ्यावी.

ज्वालामुखी कोणाला थांबवता येत नाही. तोटा मात्र कमी करता येतो, आणि तो माल निघण्यापूर्वीच.