थकव्याच्या आजारात डोकं का चालेनासं होतं?

‘दमतो तर सगळेच, विसरतोही सगळेच, त्यात आजार कसला?’ क्रॉनिक फटीग सिंड्रोम झालेल्या माणसाला हे बहुधा घरातच ऐकावं लागतं. हा थकवा सहा महिने उलटले तरी हटत नाही आणि रात्रभर झोपूनही उतरत नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली सुचवलेल्या निदानाच्या निकषांत स्मृती आणि विचारशक्तीच्या तक्रारींचा स्पष्ट उल्लेख आहे.

मग हा स्मृतिभ्रंश का? नाही. जुन्या आठवणी, शब्दसंग्रह, तर्कबुद्धी बहुतेकांची शाबूत असते. मंदावतो तो वेग, आणि एका वेळी दोन-तीन गोष्टी डोक्यात धरून ठेवणं जड जातं. मानसशास्त्रज्ञांची एक चाचणी आहे. दर दोन-तीन सेकंदांनी एकेक आकडा ऐकवतात. तो लगेच आधी ऐकलेल्या आकड्यात मिळवून बेरीज सांगायची. चार, मग सात: उत्तर ‘अकरा’. मग दोन: उत्तर ‘नऊ’, कारण दोन मिळवायचे ते सातात. स्वतःचं उत्तर बाजूला सारायचं, सात धरून ठेवायचे आणि पुढच्या आकड्याकडे कान ठेवायचा. बेरीज दुसरीतल्या मुलालाही जमेल अशीच, पण या आजाराचे अनेक रुग्ण इथे मागे पडतात. फोनवर बोलता बोलता ओटीपी टिपून घेताना त्यांची होते ती हीच दमछाक. दवाखान्यातल्या पाच-दहा मिनिटांच्या स्मृतिचाचणीत मात्र ते सहज पास होतात आणि ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हे ऐकून परततात. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान हे वाक्य करतं.

‘हे नैराश्यच’ असंही सर्रास म्हटलं जातं. नैराश्य सोबत असू शकतं, पण त्यात बहुधा कशात मनच लागत नाही. इथे इच्छा दांडगी असते आणि फटका नंतर बसतो. बँकेचा लांबलचक अर्ज भरला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागतं. बौद्धिक श्रमही श्रमच. शिवाय शरीरात मोजता येणारे बदल आहेत. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०२० साली रुग्णांना कलत्या टेबलावर जवळजवळ उभं करून मेंदूचा रक्तपुरवठा मोजला. निरोगी माणसांत तो सरासरी ७ टक्के घटला, रुग्णांत २६ टक्के. काहींना आडवं पडल्यावर जास्त सुचतं, त्यामागे हे एक कारण असू शकतं.

‘सुडोकू सोडव, चालायला जा, डोकं ताळ्यावर येईल’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण तो उलटू शकतो. ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१च्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. खात्रीचं औषध अजून नाही. दमण्याआधीच थांबणं हाच सध्याचा आधार.

बी-१२, थायरॉइड, रक्तातलं लोह आणि झोपेतला श्वासाचा अडथळा मात्र आधी तपासून घ्या. त्यांनीही डोकं असंच जड होतं आणि त्यांवर उपचार आहेत. आणि घरच्यांनो, एका वेळी एकच गोष्ट सांगा, महत्त्वाचं असेल ते कागदावर लिहून द्या.